बोंडअळीचा जीनोम कुणाच्या शेतातला?

प्रस्तावना

जामच्या चौकात नागपूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग आणि चंद्रपूरचा रस्ता एकमेकांपासून वेगळे होतात. दिवाळी झाली की या चौकातून कापसाच्या गाड्या हिंगणघाटच्या बाजाराकडे जाऊ लागतात. या बाजाराचं नाव जुनं आहे. १८६०च्या दशकात रिव्हेट-कार्नॅक हे मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे कापूस आयुक्त होते, तेव्हाही इथला कापूस हिंगणघाटच्याच नावानं ओळखला जाई. गाडीत कापूस असतो, कापसात सरकी असते, आणि सरकीत पुष्कळदा आणखी एक जीव असतो. सरकीचे दोन दाणे आपल्या रेशमानं एकमेकांना चिकटवून गुलाबी बोंडअळी आत निजलेली असते. काही न खाता ती तशीच महिनोन्‌महिने राहू शकते. पुढं तिचा कोष होतो आणि कोषातून करड्या-तपकिरी रंगाचा पतंग निघतो. पंख पसरले तरी तो जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर भरतो. दिव्याखाली पडलेला दिसला तर कुणी वाकून पाहणारही नाही.

हा पतंग हे या पुस्तकाचं एक टोक, आणि त्याच्या पेशीतल्या डीएनएची कोट्यवधी अक्षरं हे दुसरं. ती अक्षरं कशी वाचतात, तुकड्या-तुकड्यांनी वाचलेलं सलग कसं जुळवतात आणि त्या जुळणीतून पऱ्हाटी पेरणाऱ्या माणसाच्या हाती काय येऊ शकतं, हे मराठीत सविस्तर सांगावं म्हणून हे लेखन केलं. माझं एक म्हणणं सुरुवातीलाच मांडतो, कारण पुढची सगळी प्रकरणं त्याभोवती फिरतात. गुलाबी बोंडअळीचा जीनोम एकदा, एका ठिकाणी वाचून झाला म्हणजे काम संपत नाही. तो समुद्रपूर, हिंगणघाट, राळेगाव, वणी इथल्या शेतांतून, अनेक पतंगांमधून पुन्हा वाचायला हवा. यामागं प्रदेशाचा अभिमान नाही. तसं करण्याचं कारण या किड्याच्या जनुकांतच आहे.

आधी त्याचा प्रवास पाहू. या पतंगाचं पहिलं शास्त्रीय वर्णन विल्यम विल्सन साँडर्स यांनी १८४३ मध्ये केलं, तेही आपल्या शेजारच्या गुजरातेतल्या, भडोचच्या कपाशीवरच्या नमुन्यांवरून. आज त्याचं नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. १९०६-०७ च्या सुमारास तो भारतातून गेलेल्या सरकीबरोबर इजिप्तला पोचला. इजिप्तच्या बियाण्याबरोबर १९११ मध्ये मेक्सिकोत गेला आणि १९१७ मध्ये टेक्ससमध्ये सापडला. स्वतःच्या पंखांवर त्याला समुद्र ओलांडता आला नसता. जिथं जिथं माणसानं सरकी नेली, तिथं तिथं तो गेला. अमेरिकेतली गुलाबी बोंडअळी अशा रीतीनं मूठभर पाहुण्यांची प्रजा आहे आणि प्रत्येक मुक्कामावर तिच्या मूळ वैविध्यातला काही भाग मागं राहून गेला आहे. ही गोष्ट वाचकानं लक्षात ठेवावी.

आता बीटीकडे येऊ. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीतला जिवाणू क्राय गटातली प्रथिनं तयार करतो. त्यांतल्या क्राय वन एसी या प्रथिनाचं जनुक कपाशीत घातलं आणि मार्च २००२ मध्ये अशा कपाशीला भारतात लागवडीची परवानगी मिळाली. २००६ मध्ये क्राय टू एबी हे दुसरं जनुक असलेली कपाशी आली. अळी पाती किंवा बोंड कुरतडते तेव्हा हे प्रथिन तिच्या पोटात जातं. तिच्या आतड्यातला रस अल्कधर्मी असतो. त्यात प्रथिनाची काटछाट होऊन ते विषारी रूपात येतं, आतड्याच्या अस्तरातल्या ठरावीक प्रथिनांना चिकटतं, पेशींना भोकं पाडतं आणि अळी मरते. माणसाच्या आतड्यात ती चिकटण्याची जागाच नाही. अळीच्या अस्तरातल्या अशा जागांपैकी कॅडहेरिन नावाचं प्रथिन सर्वांत महत्त्वाचं. कॅडहेरिनचं जनुक बिघडलं की क्राय वन एसीला धरायला काही उरत नाही, आणि अळी विष खाऊनही जगते.

अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या ब्रूस टॅबॅश्निक आणि शाय मॉरिन यांच्या गटानं प्रतिकारक्षम अळ्यांत कॅडहेरिन जनुकाची तीन बिघडलेली रूपं शोधली. तो शोध २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. हा बिघाड बहुतांशी अप्रभावी असतो, म्हणजे आईकडून आणि बापाकडून दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळाल्या तरच अळी तगते. बीटीच्या कडेनं साध्या कपाशीच्या ओळी लावण्याचा नियम याच हिशेबावर उभा होता. साध्या कपाशीवर वाढलेल्या असंख्य नाजूक पतंगांशी त्या मोजक्या तगलेल्या पतंगांचं मीलन व्हावं आणि त्यांची पिल्लं पुन्हा बीटीला बळी पडावीत, असा तो विचार. ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचं साधं बियाणं त्यासाठीच दिलं जाई.

आपल्याकडं ते बियाणं बहुतेक शेतांत पेरलंच गेलं नाही. याबद्दल शेतकऱ्याला नावं ठेवणं सोपं आहे आणि तसं पुष्कळ छापूनही आलं आहे. मला ते अन्यायाचं वाटतं. तीन-चार एकरांच्या मालकानं आपल्या जमिनीचा पाचवा हिस्सा अळीला चरायला ठेवावा, ही अपेक्षा कागदावर करणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागत नव्हती. शिवाय आणखी एक कारण होतं, ज्यावर शेतकऱ्याचा काहीच ताबा नव्हता. भारतात लावली जाणारी कपाशी जवळजवळ सगळी संकरित. अशा झाडाच्या बोंडात जी सरकी भरते ती पुढच्या पिढीची असते, आणि मेंडेलच्या नियमानं तिच्यातल्या काही दाण्यांत विष असतं, काहींत नसतं. गुलाबी बोंडअळी पानं खात नाही, ती नेमकी सरकी खाते. एकाच बोंडात विषाचा आणि बिनविषाचा दाणा शेजारी शेजारी मिळाले, तर प्रतिकारक्षमता वाढायला याहून अनुकूल जागा नाही. त्यात लांब मुदतीचे वाण आणि डिसेंबरनंतरही पाणी देऊन ठेवलेली फरदड यांमुळं अळीला एरवी मिळाल्या नसत्या अशा जादा पिढ्या मिळाल्या.

हिरव्या बोंडअळीशी तुलना केली की चित्र स्पष्ट होतं. आपल्याकडं पऱ्हाटीच्या काही तासांनंतर तुरीचं एक तास टाकायची रीत आहे, आणि रब्बीत हरभरा असतोच. हिरवी अळी तुरीवरही जगते आणि हरभऱ्यावरही. तिच्या नाजूक प्रजेला ही पिकं आपोआप आसरा देत आली, म्हणून बीटीपुढं ती बऱ्याच अंशी नमलेलीच राहिली. गुलाबी अळीचं जवळजवळ सगळं आयुष्य कपाशीवर जातं. तिला असा आसरा नव्हता, त्यामुळं निवड झाली ती तगणाऱ्यांचीच.

गुजरातेतल्या काही जिल्ह्यांत क्राय वन एसीला न जुमानणारी गुलाबी अळी असल्याचं २०१० मध्ये जाहीर झालं. पुढं दुसरं जनुकही निष्प्रभ ठरत गेलं. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडं फोडून पाहिली तर आत गुलाबी अळी आणि किडकी कवडी. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मध्य आणि दक्षिण भारतातल्या गुलाबी अळीत दोन्ही प्रथिनांविरुद्ध प्रतिकारक्षमता आल्याचं २०१८ च्या शोधनिबंधात दाखवलं. ही संस्था १९७६ साली स्थापन झाली आणि तिचं शेत वर्धा रोडवरच आहे. जामकडे येणाऱ्याच्या वाटेवर.

आता जनुकांकडे परत जाऊ. अमेरिकेत कॅडहेरिनचे बिघाड बोटांवर मोजता येतील इतके सापडले होते. भारतातल्या शेतांतून गोळा केलेल्या प्रतिकारक्षम अळ्या तपासल्या तेव्हा, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्याच एका जनुकाची आठ नवी, जबर मोडलेली रूपं निघाली. जनुकाचा निरोप आरएनएत उतरतो तेव्हा त्यातले काही भाग कापून उरलेले जोडले जातात. ही कापाकापीही इथं वेगवेगळ्या तऱ्हांनी होत होती, त्यामुळं आठ रूपांपासून निरोपाचे एकोणीस प्रकार तयार झाले होते. २०१८ मध्ये क्राय टू एबीबाबतही असंच दिसलं. एबीसीए-टू नावाच्या जनुकाच्या निरोपाची चुकीची जोडणी, अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतल्या अळ्यांत आणि भारतातल्या शेतांतल्या अळ्यांतही.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यायला हवा. एकाच ठिकाणी एकच बिघाड झाला असता, तर कामगंध सापळ्यात अडकलेल्या पतंगांची एक साधी चाचणी करून कोणत्या तालुक्यात किती टक्के पतंगांत तो आहे, हे सांगता आलं असतं. इथं कुलूप एकच आहे, पण ते मोडण्याच्या तऱ्हा अनेक. एक तऱ्हा ओळखणारी चाचणी बाकीच्या पतंगांना निर्दोष ठरवील आणि आपण गाफील राहू. म्हणून तुकडा तपासून भागत नाही, जनुकाचा सगळा परिसर वाचावा लागतो. आणि वाचलेलं कशाशी ताडून पाहायचं, तर सगळ्या गुणसूत्रांची अखंड जुळणी हाताशी हवी.

ही जुळणी कशी होते, यावर पुस्तकातली सर्वांत मोठी प्रकरणं खर्च केली आहेत. हे काम बाहेरून यंत्राचं वाटतं, पण प्रत्यक्षात ते फार निगुतीचं आहे. पहिला प्रश्न किडा कोणता घ्यायचा हा. अळी घेतली तर तिच्या पोटात सरकी आणि जिवाणू असतात, त्यांचा डीएनए मिसळतो. म्हणून बहुधा कोष घेतात. कोषात पोट रिकामं झालेलं असतं. पण एका लहानशा कोषातून निघणारा डीएनए अगदी थोडा. पूर्वी म्हणून अनेक किडे एकत्र वाटत. त्यात मोठी अडचण अशी की प्रत्येक किड्यात प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती, आणि त्यांत बारीक फरक. पन्नास किडे म्हणजे शंभर प्रती. संगणक त्या फरकांना वेगळ्या जागा समजतो आणि जीनोम खोटाच फुगतो. त्यावर उपाय म्हणून कित्येक पिढ्या भावा-बहिणींचं मीलन करून एकसारखा वाण तयार करत. आता एकाच किड्यापासून पुरेसं वाचता येतं, मात्र डीएनएचे धागे लांब राहतील इतक्या हलक्या हातानं ते काढावे लागतात. द्रव जोरात ओढला तरी ते तुटतात.

नर घ्यायचा की मादी, हाही प्रश्नच आहे. माणसात वाय गुणसूत्र पुरुषाकडं असतं. पतंग आणि फुलपाखरांत उलट आहे. नराकडं दोन झेड, मादीकडं एक झेड आणि एक डब्ल्यू. नर घेतला तर झेड चांगलं भरतं, पण डब्ल्यूचा पत्ताच लागत नाही. मादी घेतली तर डब्ल्यू मिळतं, पण ते पुनरावृत्तींनी इतकं भरलेलं की जुळवणाऱ्याचा अंत पाहतं.

पुनरावृत्ती हीच या कामातली खरी अडचण आहे. आपल्या गावांत भजनी मंडळाची वही असते. एकाच वहीच्या शेकडो प्रती फाडून सगळे कपटे मिसळले आणि त्यांतून मूळ वही जुळवायला बसलो, तर कडवी जुळतील, कारण प्रत्येक कडव्याचे शब्द निराळे. ध्रुवपद मात्र प्रत्येक कडव्यानंतर तेच. कपट्यावर नुसतं ध्रुवपद असेल, तर ते कोणत्या कडव्यानंतरचं हे कळायला मार्ग नाही. कपटा इतका लांब असला की त्यावर अलीकडच्या कडव्याची शेवटची ओळ, ध्रुवपद आणि पलीकडच्या कडव्याची पहिली ओळ मावते, तर कोडं सुटतं. पतंगांच्या जीनोममध्ये उड्या मारणाऱ्या जनुकखंडांच्या हजारो प्रती अशाच विखुरलेल्या असतात. एका वेळी दीडशे अक्षरं वाचणाऱ्या यंत्रांनी कडवी दिली. दहा-वीस हजार अक्षरं सलग वाचणारी यंत्रं आली, तेव्हाच ध्रुवपदं जागेवर बसली.

एवढं करूनही गुणसूत्र पूर्ण होत नाही, मोठे खंड तयार होतात. ते कोणत्या क्रमानं लावायचे, हे हाय-सी या पद्धतीनं कळतं. पेशीच्या केंद्रकात डीएनए गुंडाळलेला असतानाच त्याचे एकमेकांना टेकलेले भाग रसायनानं बांधून टाकतात, मग तोडून ती बांधलेली टोकं वाचतात. एकाच गुणसूत्रावरचे, जवळजवळचे भाग जास्त वेळा बांधलेले मिळतात. त्या मोजणीचा नकाशा पडद्यावर येतो आणि चुकीच्या जागी लागलेला खंड त्यात डाग पडावा तसा दिसतो. इथं अजूनही माणूस बसून हातानं दुरुस्ती करतो. शेवटी तपासणी. पतंग-फुलपाखरांच्या सगळ्या कुळांत एकेकच आढळणाऱ्या ५,२८६ जनुकांची यादी आहे. त्यांतली किती सापडली, आणि किती चुकून दोनदा लागली, यावरून जुळणीचा कस ठरतो.

या गटातला वाचला गेलेला पहिला जीनोम रेशमाच्या किड्याचा. २००४ मध्ये जपान आणि चीन या दोघांनी स्वतंत्रपणे त्याचा कच्चा मसुदा काढला आणि २००८ मध्ये दोन्ही एकत्र केले. गुणसूत्रं २८, अक्षरं सुमारे ४६ कोटी. माणसाची ३०० कोटींच्या वर. हिरव्या बोंडअळीचा जीनोम २०१७ मध्ये आला. आता ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या सुमारे सत्तर हजार प्रजातींचे जीनोम वाचण्याचा प्रकल्प चालू आहे आणि त्यातून पतंगांचे जीनोम भराभर प्रसिद्ध होत आहेत. अशा दोनशेहून अधिक जीनोमची तुलना करून २०२४ मध्ये दाखवलं गेलं की जवळजवळ सगळ्या पतंग-फुलपाखरांची गुणसूत्रं ३२ प्राचीन खंडांपासून आली आहेत. त्या खंडांना मारिया सिबिला मेरियान हिचं नाव दिलं आहे. अळीपासून पतंगापर्यंतच्या अवस्था त्यांच्या झाडासह रंगवण्यासाठी ती १६९९ मध्ये, वयाच्या पन्नाशीत, सुरीनामला गेली होती. हे नाव देणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

जीनोममध्ये माणसाच्या उद्योगाची नोंद कशी राहते, याचं एक उदाहरण पुस्तकात मुद्दाम विस्तारानं दिलं आहे. इंग्लंडमध्ये गिरण्यांच्या धुरानं झाडं काळवंडली आणि पेपर्ड मॉथ या पांढुरक्या पतंगाचं काळं रूप पसरलं. तो काळेपणा कॉर्टेक्स या जनुकात घुसलेल्या सुमारे २२ हजार अक्षरांच्या एका उड्या मारणाऱ्या खंडामुळं आला, हे २०१६ मध्ये सिद्ध झालं, आणि तो खंड तिथं १८१९ च्या सुमारास घुसला असावा असा अंदाजही आजूबाजूच्या अक्षरांवरून काढता आला. आपल्या गुलाबी अळीतही २००२ नंतरच्या वर्षांची अशी नोंद आहे. ती वाचायची बाकी आहे.

गुलाबी बोंडअळीची गुणसूत्रांपर्यंत जुळवलेली पहिली प्रत २०२३ मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झाली. ३० गुणसूत्रं, लांब वाचन आणि हाय-सी यांच्या आधारानं लावलेली. काम उत्तम आहे आणि सगळ्या जगाला खुलं आहे. पण ती प्रत अमेरिकी शेती खात्याच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पाळलेल्या, बीटीला बळी पडणाऱ्या वाणाची आहे. खुद्द अमेरिकेच्या कापूसपट्ट्यातून तर ही अळी संपली. बीटी कपाशी, साध्या कपाशीचा आसरा, कामगंध आणि विमानांतून सोडलेले कोट्यवधी वांझ पतंग यांच्या जोरावर ऑक्टोबर २०१८ मध्ये तसं जाहीर झालं. जिथं ती आता नाही तिथला जीनोम आपल्याकडं आहे. महाराष्ट्रात कपाशी चाळीस लाख हेक्टरांच्या आसपास पेरली जाते, आणि इथल्या अळीला मात्र अजून एका परक्या वाणाशी ताडून पाहावं लागतं. वर सांगितलेला सरकीचा प्रवास इथं आठवावा. भडोच, इजिप्त, मेक्सिको असं करत गेलेल्या त्या वाणात आपल्याकडच्या वैविध्याचा तुकडाच उरला असणार. इथल्या पतंगांत ज्या जागी खंड उलटले, दुपटीनं वाढले किंवा नवे घुसले, त्या जागा परक्या प्रतीवर बसवताना गळून पडू शकतात.

यात व्यवहाराचा प्रश्नही आहे. २०२१ मध्ये पंजाब-हरियाणातल्या कपाशीवर गुलाबी अळीनं मोठं नुकसान केलं. ती तिथं प्रतिकारक्षमता घेऊनच पोचली की तिथंच तयार झाली? जिनिंगसाठी दूरवर जाणाऱ्या कापसातून आणि सरकीतून ती गेली असेल, तर वाहतुकीच्या आधी सरकीची प्रक्रिया कशी करायची हा धोरणाचा विषय होतो. ती तिथलीच असेल, तर लक्ष पेरणीच्या वेळेवर आणि वाणांवर द्यावं लागेल. बठिंडा, भडोच आणि हिंगणघाट इथल्या पतंगांचे जीनोम शेजारी ठेवले तर नातं किती जवळचं हे दिसतं. हे प्रश्न वादावादीनं सुटणारे नाहीत आणि अंदाजानं सोडवले तर चुकीच्या माणसावर बोट ठेवलं जातं.

जीनोममुळं उद्या बोंडात अळी दिसणार नाही, असं कुणी म्हटलं तर त्यावर विश्वास ठेवू नये. हंगाम वेळेवर संपवणं, फरदड न ठेवणं, पऱ्हाट्या शेतात पडू न देणं, डोमकळ्या दिसताच तोडून नष्ट करणं, जिनिंगमध्ये सापळे लावणं, ही कामं आजही सर्वांत उपयोगी आहेत, आणि ती गावानं मिळून करावी लागतात. जीनोम वाचनाचा उपयोग हा की ही कामं कुठं किती परिणाम करताहेत, हे पुढच्या हंगामातल्या पतंगांत मोजता येईल. आणि नवं बीटी जनुक आणायचं ठरलं तर ते मोडण्याच्या तऱ्हा शेतात आधीपासून आहेत का, हे बियाणं विकण्याआधीच तपासता येईल. २००२ मध्ये हे शक्य नव्हतं, आज आहे.

शेवटचं प्रकरण नमुने कसे गोळा करावेत यावर आहे, आणि ते शेतकरी, कृषी सहायक आणि महाविद्यालयातली मुलं यांच्यासाठी लिहिलं आहे. गावाचं नाव आणि तारीख नसलेला पतंग जीनोमच्या दृष्टीनं अर्धाच उपयोगाचा. किडा सापळ्यातला की बोंडातला, कपाशीचा वाण कोणता, पेरणी कधीची, शेत फरदडीचं होतं का, आजूबाजूला जिनिंग आहे का, हे लिहून घ्यावं. बोंडातली जिवंत अळी मिळाली तर तिला कोष करू द्यावा. नमुना शुद्ध अल्कोहोलमध्ये बुडवून शक्य तितक्या लवकर थंड जागी ठेवावा, कारण वैशाखातल्या उन्हात डीएनए काही तासांत तुटू लागतो आणि लांब वाचनाच्या कामाचा राहत नाही. संपूर्ण जुळणीसाठी मात्र किडा जिवंतच गोठवावा लागतो, म्हणून असा नमुना जवळच्या प्रयोगशाळेशी आधी बोलूनच घ्यावा. पहिल्या वेचणीच्या वेळचे आणि जानेवारीतले असे दोन्ही नमुने एकाच शेतातून घेतले, तर एका हंगामात काय बदललं तेही दिसेल.